आधी शेत, मग अवजार, शेवटी ट्रॅक्टर



या खेपेला आम्ही तुमच्यापुढे कोकणातल्या भातशेतीची गोष्ट मांडणार आहोत. "आम्ही कापूस-ज्वारीवाले, कोरडवाहू माणसं. आम्हाला भाताच्या चिखलाशी काय देणंघेणं?" असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. शेवटपर्यंत वाचा आणि मग सांगा. गळ तोच आहे, आमिष तेच आहे, मासा तेवढा निराळा आहे.

गेल्या मिरगाच्या तोंडी आम्ही काही कार्यकर्ते महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हिंडलो. महाड आपल्या लोकांना १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे ठाऊक आहे, रायगड किल्ल्यामुळे ठाऊक आहे. तिथल्या शेतीमुळे कुणाला ठाऊक नाही. महाडहून मुंबई-गोवा महामार्गाने पुढे गेले की पोलादपूर लागते. तिथून एक रस्ता कशेडीकडून रत्नागिरी जिल्ह्यात जातो, दुसरा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो. जिकडे पाहावे तिकडे डोंगर. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरे, आणि त्यांच्या वर वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. बीड-यवतमाळच्या माणसाला वाटावे, आपल्या तीन-चार वर्षांचा पाऊस इथे एका हंगामात ओतून टाकला.

पोलादपूरच्या बाजूला एका वाडीत घराच्या पडवीला लागून ताडपत्रीखाली एक ट्रॅक्टर उभा होता. ४५ अश्वशक्तीचा. मागे सहा फुटी रोटाव्हेटर. बाहेर पेरते पाऊस लागलेले आणि ट्रॅक्टर कोरडा. मालक मुंबईत तीस वर्षे नोकरी करून गावी परतलेला. सेवा संपल्यावर हाती आलेला पैसा आणि वरती कर्ज, असे करून त्याने तो घेतला होता. त्याची खाचरे घराच्या खाली. तिथे जायला पायवाट, तीन फुटांची. त्या वाटेवरून बैल जातो, माणूस जातो, भाताचा भारा जातो. ट्रॅक्टर जात नाही.

"मग चिखलणी कशानं करता?" आम्ही विचारले.

"शेजाऱ्याचा टिलर आणतो. तासावर."

"आणि हा?"

"हा विटा आणि खडी वाहतो. मिळालं काम तर."

"एवढा मोठा घेतलात कसा?"

तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "काय सांगू दादा, दुकानवाल्यानं सांगितलं अनुदान मिळवून देतो, कागद सगळे मी करतो. मी सही तेवढी केली."

भावांनो, ज्याच्या दारात साताठ लाखांचे यंत्र उभे आहे तो शेतकरी स्वतःच्या दोन एकरांसाठी शेजाऱ्याचे यंत्र भाड्याने आणतो. हा माणूस मूर्ख नाही. तीस वर्षे त्याने मुंबईत हिशेबाने संसार केला. त्याची चूक एकच झाली. यंत्र निवडायची सुरुवात त्याने शेतापासून केली नाही, कागदापासून केली.

खाचर काय सांगते?

त्या खाचरापाशी आम्ही उभे राहिलो. कुठे पाच गुंठे, कुठे दोन, कुठे चार बाजा मावतील एवढेच. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. पण डोंगराला कायदा कोण सांगणार? डोंगराने जेवढी सपाटी दिली तेवढे खाचर. अशा जागी दोन टनांचा ट्रॅक्टर उतरवला तरी तो वळणार कुठे? कोपरे तसेच राहतात, चाक बांधावर चढते. बांध म्हणजे आपल्याकडची मातीची वरळी नव्हे. तो पाणी अडवणारा बंधारा आहे. वरचा बांध फुटला की पाणी माती घेऊन खालच्या खाचरात येते, तिथला बांध फोडते, आणि एकाच्या चुकीने चौघांचे भात जाते.

त्याच जागी पॉवर टिलर चालतो. चारएकशे किलोचा, दहा-बारा अश्वशक्तीचा, मागे चालत धरायचा. रबरी चाके काढून लोखंडी जाळीची चाके लावली की चिखलात रुतत नाही. एका खाचरातून दुसऱ्यात न्यायचा तर दोन फळ्या टाकून चार माणसांनी चढवायचा. कष्टाचे काम आहे, दिवसभर धरला तर हात रात्रभर थरथरतात, पण शेत होते.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच मुलखात महाडकडे, सावित्री नदीच्या काठाला, खाचरे रुंद होतात. बैलगाडी जाईल एवढी वाट आहे. तिथे टिलरमागे दिवसभर चिखल तुडवायची गरज नाही. अठरा-वीस अश्वशक्तीचा, चारही चाके ओढणारा लहान ट्रॅक्टर आणि मागे तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर तिथे उत्तम बसतो. दोन चाके ओढणारा त्याच चिखलात फसतो. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गावांना दोन यंत्रे लागतात. आणि मुंबई-दिल्लीतून निघणारी योजना अख्ख्या राज्याला एका यादीतून यंत्र वाटते!

हे तिथे जिवावरचे प्रकरण आहे. तरणी पोरे मुंबई-सुरतेला गेली. बैल पोसायला घरात माणूस नाही, म्हणून बैल गेले. चिखलणी वेळेत झाली नाही की लावणी चुकते. एक वर्ष चुकले की दुसऱ्या वर्षी खाचर पडीक राहते, बांधावर झुडपे येतात आणि पणजोबाने दगड रचून केलेले शेत पुन्हा डोंगर होते. योग्य यंत्र मिळाले तर ते घर गावात राहील. चुकीचे मिळाले तर शेतही जाईल आणि मुंबईची कमाईही जाईल.

खाचरातले पुण्य, कपाशीतले पाप

आता आपल्या रानात या. रोटाव्हेटर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर फिरला की वरची माती पीठ होते आणि तिच्या खाली एक घट्ट थर बसतो. भाताच्या खाचरात हा थर हवाच असतो. त्यावरच पाणी उभे राहते. कपाशीच्या काळ्या रानात तोच थर घात करतो. सोटमूळ खाली जायचे तिथे आडवे वळते, पावसाचे पाणी मुरायचे ते वरून निघून जाते, आणि ऑगस्टात पंधरा दिवसांचा खंड पडला की झाड माना टाकते. एकच अवजार, खाचरात पुण्य करते आणि कपाशीत पाप. तरी आज वऱ्हाडात आणि मराठवाड्यात ट्रॅक्टर घेणाऱ्याला दुकानातून पहिले अवजार रोटाव्हेटरच बांधून देतात. का? त्यावर अनुदान आहे, दुकानात माल आहे, आणि रान दिसायला गादीसारखे दिसते.

म्हणजे महाडच्या माणसाला खाचरात न उतरणारा ट्रॅक्टर मिळाला, आणि आपल्याला मुळाखाली फरशी घालणारे अवजार मिळाले. दोघांचाही क्रम उलटा झाला. आधी शेत, मग अवजार, शेवटी ते ओढणारा ट्रॅक्टर, हा शहाण्याचा क्रम. आधी अनुदान, मग ट्रॅक्टर, मग मिळेल ते अवजार, आणि शेताचे काय होईल ते होवो, हा सरकारी क्रम.

एका हाताने घेणे, दुसऱ्या हाताने वाटणे

कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान केंद्राने २०१४-१५ पासून सुरू केले. लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, असे बोलायचे. पण वर रकमेची मर्यादा घालायची, म्हणजे मोठ्या यंत्रावर ते ५० टक्के कुठल्या कुठे उतरतात. त्यासाठी अर्ज करा, कधी सोडतीची वाट पाहा, कधी आधी येईल त्याला आधी म्हणून रांगेत पळा, पूर्वसंमती घ्या, आधी पूर्ण पैसे भरून यंत्र घ्या, बिल चढवा, तपासणीला साहेब येईपर्यंत थांबा. तोवर कर्जाचे व्याज चालूच. महिलांना जास्त टक्के म्हणून कागद बाईच्या नावावर आणि चावी बुवाच्या खिशात, हेही आपण पाहतोच.

आणि हे दान येते कुठून? १ जुलै २०१७ पासून ट्रॅक्टरवर १२ टक्के जीएसटी होता. साडेतीन लाखांच्या यंत्रावर ४२ हजार रुपये. ट्रॅक्टर घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने ते भरले, आणि अनुदान मिळाले यादीत नाव निघालेल्याला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर ५ टक्क्यांवर आला. आम्ही त्याचे स्वागत करतो. पण आठ वर्षे जे घेतले त्याची आठवण ठेवूनच. शेतात जळणाऱ्या डिझेलवर मात्र आजही तोच कर आहे जो साहेबाच्या मोटारीतल्या डिझेलवर आहे.

याहून मोठी गोष्ट सांगतो, जी महाडच्या खाचरातून थेट दिल्लीला जाते. १५ जुलै २०२० रोजी केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने पॉवर टिलर आणि त्याच्या भागांची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली. सरहद्दीवर तेव्हा काय चालले होते ते आम्हाला ठाऊक आहे. देशाच्या रागात आमचाही राग आहे. पण ट्रॅक्टर न जाणाऱ्या डोंगरातल्या शेतकऱ्याला जे एकमेव यंत्र चालते, त्याच्याच आयातीला दिल्लीत कुलूप लागते, आणि त्या शेतकऱ्याला कुणी विचारतसुद्धा नाही. परदेशी माल तकलादू असेल तर शेतकरी एका हंगामात ओळखील आणि पुन्हा घेणार नाही. ते ठरवायला परवाना देणारा बाबू कशाला हवा?

निवडीचे स्वातंत्र्य मिळाले की शेतकरी काय करतो त्याचा दाखला सौराष्ट्रात आहे. अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी १९९० च्या दशकात बैलजोडी परवडेना म्हणून बुलेट मोटारसायकलच्या मागे दोन चाके आणि कुळवाचा सांगाडा बसवला. तिला 'बुलेट सांती' म्हणतात. पेरणी करते, कोळपणी करते. आधी ओळीतले अंतर पाहिले, मग अवजार बसवले, मग त्याला पुरेल एवढेच इंजिन घेतले. कुठल्या यादीत ते यंत्र नव्हते. कपाशी-भुईमुगाच्या रानात मात्र ते चालले.

तासांचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. कृषी अभियांत्रिकीची पुस्तके ट्रॅक्टरचा हिशेब वर्षाला १००० तास आणि आयुष्य १० वर्षे धरून मांडतात. आपण साडेतीन लाखांचा लहान ट्रॅक्टर धरू. दहा वर्षांत तो झिजणार, म्हणजे वर्षाला ३५ हजार घसारा. तीन लाख कर्ज १२ टक्क्यांनी, म्हणजे पहिल्या वर्षाचे व्याज ३६ हजार. झाले ७१ हजार. डिझेल, दुरुस्ती, विमा, चालवणारा हे सगळे अजून बाहेरच आहे.

दोन एकर खाचराचे सगळे काम मिळून ६० तास भरले तरी खूप. ७१ हजार भागिले ६०, तासाला जवळजवळ १२०० रुपये, यंत्र नुसते उभे ठेवण्याचे. तेच यंत्र पाच घरांनी मिळून घेतले, इतरांचीही कामे केली आणि ५०० तास चालले, तर तासाला १४२ रुपये. यंत्र तेच, कर्ज तेच. तास बदलले की एक घर तरते, एक बुडते. आणि बुडते तेव्हा ट्रॅक्टर ओढून नेतात, तरी सातबाऱ्यावरचा बोजा राहतो.

यावर शहरातले शहाणे म्हणतात, "मग घेताच कशाला? भाड्याने आणा. अवजार बँका आहेत." त्यांना शेती ठाऊक नाही. महाडला चिखलणीचे तीन आठवडे सगळ्यांचे एकच असतात. आपल्याकडे वाफसा येतो तो चार दिवसांचा, आणि तोही साऱ्या शिवाराला एकदम येतो. तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर ज्याचा त्याच्याकडे आधी जातो, मग त्याच्या भावकीकडे, मग मोठ्या रानाकडे. दोन एकरवाल्याकडे तो येतो तेव्हा तण गुडघाभर झालेले असते. आणि अवजार बँका? कित्येक गावांत त्या गटाच्या अध्यक्षाच्या गोठ्यात कुलपात आहेत. भाडे स्वस्त व्हायचे तर गावात यंत्रे जास्त हवीत, आणि यंत्रे जास्त यायची तर ती स्वस्त आणि खुली हवीत. दुसरा मार्ग नाही.

दुसरे शहाणे म्हणतात, "बैलच बरे." बैल बरे होते यात शंका नाही. पण वर्षभर वैरण घालायला त्यांनी यावे, मग आम्ही बोलू.

आपलेही थोडे

सरकारला शिव्या देऊन झाल्या, आता स्वतःकडे पाहू. दारात ट्रॅक्टर असला की सोयरिकीला वजन येते, हे खोटे आहे का? शेजाऱ्याने ३५ चा घेतला म्हणून आपण ४५ चा घेतो, हे खोटे आहे का? आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने सहा एकर कोरडवाहूवर मोठा ट्रॅक्टर घेतला आणि हप्त्यासाठी दोन एकर विकले. सभेत तो हे स्वतः सांगतो, म्हणून आम्हीही लिहितो. इंजिनाची ताकद बघून ट्रॅक्टर घेणे म्हणजे आवाज ऐकून बैल घेण्यासारखे आहे.

कोरडवाहूवाल्याने काय पाहायचे?

१. ओळ आधी ठरवा. लहान ट्रॅक्टरची चाके तीन फुटांच्या आत बसतात. कपाशी चार फुटांवर असेल तर गुडघ्याला लागेपर्यंत डवरणी त्याने होते. तीन फुटांवर असेल तर चाक झाडावर जाते. ज्वारीची ओळ दीड फुटाची. तिच्यात कुठलाच ट्रॅक्टर शिरत नाही. तिथे पेरणी आणि मळणी ट्रॅक्टरची, डवरणी बैलाची किंवा हातकोळप्याची.

२. अवजारांची यादी कागदावर लिहा, आणि प्रत्येकापुढे वर्षाचे तास लिहा. वखर, दातेरी कल्टिव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणी पंप, ट्रॉली. वर्षात दहा तासही न चालणारे अवजार विकत घेऊ नका, मागून आणा. लहान ट्रॅक्टरला खोल नांगरट जमत नाही. ती दोन-तीन वर्षांतून एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्याने लावून करा. त्या एका दिवसासाठी मोठा पोसू नका.

३. इंजिनाची अश्वशक्ती विचारू नका, पीटीओची विचारा. रोटाव्हेटर, पंप आणि मळणी यंत्र त्यावर चालते, आणि ती इंजिनापेक्षा कमी भरते. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची यंत्रचाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, उचलण्याची क्षमता, सगळे लिहिलेले असते. दुकानदाराकडे तो अहवाल मागा. तोंड वाकडे केले तर दुकान बदला.

४. सुटा भाग आणि मिस्त्री किती कोसांवर आहे ते पाहा. वाफशाच्या चार दिवसांत ऑईल सीलसाठी तालुक्याला खेटे घालायचे असतील तर स्वस्त यंत्र महाग पडते.

५. आपल्या रानात चालवून दाखवल्याशिवाय सही करू नका. दुकानासमोरच्या डांबरावर सगळेच ट्रॅक्टर चांगले चालतात.

६. अनुदान मिळाले तर घ्या, तो आपलाच पैसा आहे. पण ते मिळणारच नाही असे धरून हिशेब बसतो का ते आधी पाहा. बसत नसेल तर ते यंत्र तुमचे नव्हे.

जिल्हा सभेला येताना

आमचे मागणे साधे आहे. शेतीच्या यंत्रावर आणि शेतीच्या डिझेलवर कर नको. यंत्रांची आयात खुली करा. अनुदान द्यायचेच असेल तर यादी नको, अट नको, जमिनीच्या हिशेबाने रोख द्या, काय घ्यायचे ते शेतकरी ठरवील. खाचराला काय लागते ते खाचरवाल्याला कळते, काळ्या रानाला काय लागते ते तुम्हाला कळते. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून दोन्ही सारखीच दिसतात.

पण मागणे मांडायला पुरावा लागतो. म्हणून येत्या जिल्हा सभेला प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने एक चिठ्ठी आणावी. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर तासांचे मीटर असते. ते आज किती दाखवते आणि ट्रॅक्टर घेऊन किती वर्षे झाली, एवढे दोनच आकडे लिहा. नाव लिहू नका, लाज वाटायचे कारण नाही. साऱ्या चिठ्ठ्या सभेत वाचू, बेरीज करू आणि फळ्यावर मांडू. आपल्या जिल्ह्यात किती लाखांचे लोखंड ताडपत्रीखाली उभे आहे ते आधी आपल्याला कळू द्या. सरकारला ते सभेनंतर सांगू.